नाही हो, हे डी अँड डी नाहीये

परत सांगतो, डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा तो प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेम, हा तो नाहीये. भूत लागलेल्या चाळीतले भाडं थकलेले लोक, दोन साधे सहा बाजूंचे फासे, एवढाच रोल-प्लेइंग गेम बनवलाय मी, आणि पहिला प्रश्न काय तर "यात विझर्ड घेता येतो का?" अरे चाळीत कुठला विझर्ड! दुसरा म्हणतो डी अँड डीच्या पाचव्या एडिशनच्या नियमांत बसवून दे ना, मग खेळतो. म्हणजे घरमालकाला हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) देऊ? वीस बाजूंचा फासा टाकून नळाला पाणी आलं का बघायचं?

1974 ला गायगॅक्स आणि अर्नेसनने डी अँड डी हा भारी खेळ काढला, मान्य, पण त्यानंतर जगात कोणी काही लिहिलंच नाही की काय? आणि हीच मंडळी जानेवारी 2023 मध्ये ओपन गेम लायसन्सवरून (डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, कंपनी तो बदलायला निघाली होती) पेटली होती, आता फक्त इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेखकांचे, गेम खेळणार वगैरे शपथा, मग त्याच महिन्यात पाचव्या एडिशनचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या परवान्यात आले आणि सगळे गुमान परत त्याच टेबलावर.

फुकटे तर वेगळेच. "पीडीएफच तर आहे, पाठव ना." पीडीएफच तर आहे! लेखन, लेआउट, प्लेटेस्ट (खेळून तपासणं), चित्रकाराचे पैसे (हो, चित्रकाराला पैसे द्यावे लागतात) हे काय आपोआप उगवतं? स्वतः डी अँड डीची तीन जाडजूड पुस्तकं घेणार, रंगीबेरंगी फाशांचे डबे भरणार, आणि मला म्हणणार "नवीन सिस्टीम शिकायला वेळ नाही रे".

वीस पानं आहेत! त्यातली चार नुसती चित्रं!