मेल पाठवला म्हणजे सांगितलं असं होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की शाळांना ॲप विकणाऱ्या कंपन्या शिक्षकांशी बोलतात कमी आणि 'आनंदाच्या बातम्या' पाठवतात जास्त. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. धन्यवाद म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. खरंतर दोन ओळींत आटोपणार होते, पण तुमचं ते एक वाक्य काही डोक्यातून जाईना, 'शिक्षकांना मेल वाचायचा आळस आणि नंतर कंपनीच्या नावाने खडे फोडायचे.'

आधी तुमचं जिथे बरोबर आहे ते मान्य करते. जॅमबोर्ड, म्हणजे गूगलचा डिजिटल फळा, २०२३ मध्ये बंद झाला असं मी लिहिलं, ते चुकलं. घोषणा सप्टेंबर २०२३ ची, ॲप बंद झालं ३१ डिसेंबर २०२४ ला, लेखात दुरुस्ती केलीये. म्हणजे सव्वा वर्ष आधी सांगितलं होतं, हेही खरं. पण तारीख दाखवून देताना 'जरा अभ्यास करून लिहीत जा' हे शेपूट कशाला? वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं तर मी असं बोलत नाही.

आता आळसाचं. एकवीस वर्षं शिकवतेय मी. शाळेत नवीन मशीन आलं की बाकीचे दाराशी उभे राहून बघायचे आणि खोकं फोडून वायरी जोडायला मी बसायचे, त्यामुळे तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या बाई वगैरे जे चित्र तुम्ही रंगवलंय ते दुसऱ्या कुणाचं तरी असेल.

आमच्याकडे वाचनाचं एक ॲप होतं, नाव घेत नाही. मुलं मोठ्याने वाचणार, ते रेकॉर्ड होणार, आपण ऐकून शेरा द्यायचा. वर्षभर ४२ मुलांचं वाचन मी त्यात साठवलं. एक मुलगा होता, जोडाक्षर आलं की थांबायचा, श्वास घ्यायचा आणि तो शब्दच गाळून पुढे जायचा. वर्षअखेरीला तोच मुलगा 'प्रात्यक्षिक' हा शब्द न अडखळता वाचत होता. पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग एकामागोमाग लावून त्याच्या आईला ऐकवायचं ठरवलं होतं. ती येऊन बसली, मी लॉगिन केलं, तर जुनी यादी गायब. वर एक निळी पट्टी, 'तुमचा नवा, अधिक सुटसुटीत अनुभव तयार आहे!' त्या बाईंना काय सांगायचं ते मला सुचेना, शेवटी नेट चालत नाहीये म्हणाले.

मग मी मेल शोधला, तुम्ही म्हणता तसा. सापडला, पण माझ्या इनबॉक्समध्ये नाही. तो गेला होता शाळेच्या ॲडमिन अकाउंटला आणि ते अकाउंट बघणारे सर सात महिन्यांपूर्वीच शाळा सोडून गेलेले. विषय: 'तुमच्या वर्गासाठी आनंदाची बातमी'. पहिला परिच्छेद आभाराचा, दुसरा नव्या रंगांचा, तिसऱ्यात वेबिनारचं आमंत्रण आणि चौथ्यात एकच वाक्य, जुना मजकूर नव्या धोरणानुसार ठेवला जाईल. 'धोरणानुसार' वर लिंक. ती उघडून पार तळाशी गेलं की कळतं, नव्वद दिवसांपेक्षा जुनी रेकॉर्डिंग्ज पुसली जाणार. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं!

आणि गंमत बघा, त्याच तीन महिन्यांत माझ्या स्वतःच्या पत्त्यावर त्या कंपनीचे चौदा मेल आले होते. मोजले मी. वेबिनार, बॅज, 'सहकाऱ्यांना सांगा', पुन्हा वेबिनार. म्हणजे पत्ता होता की त्यांच्याकडे! करारावर सही शाळेची, म्हणून कामाची नोटीस सहीवाल्याला, आणि ॲप रोज वापरणारीला टाळ्या वाजवायचं बोलावणं. ही दोन खाती कंपनीत वेगळी असतात, एक कराराचं आणि एक मार्केटिंगचं, हे मला माहितीये, पण माझ्यासाठी कंपनी एकच ना. तर आळस कुणाचा ते तुम्हीच ठरवा. मी ते चौदाच्या चौदा मेल उघडले होते.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. 'फुकटचं बंद झालं तर रडायचं कशाला' म्हणालात. शिक्षक-विद्यार्थ्यांना जोडणारं एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं, मुलांनी व्हिडिओतून उत्तरं द्यायचं फ्लिप १ जुलै २०२४ ला स्वतंत्र ॲप म्हणून संपून मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये गेलं, कोण रडलं? असल्या मेलमध्ये बंद करण्याला 'रिटायर' म्हणतात त्याचा राग येतो एवढंच, माणूस रिटायर झाला तर निदान सगळ्यांना कळतं तरी. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात आहे की एडटेकची, म्हणजे शिक्षणातल्या तंत्रज्ञानाची, उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांनी बदलतात, म्हणजे तिसरीतलं पोर सहावीत जाईस्तोवर सगळं नवं. 'पुराव्याशिवाय कुणी विकत नाही' हेही तुमचंच. त्याच अहवालात ब्रिटनमधल्या फक्त ७ टक्के एडटेक कंपन्यांनी रँडमाइज्ड चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला उत्पादन देऊन फरक पडतो का ते बघायचं) केल्याचं दिलंय, आणि 'रिसर्च-बेस्ड' मात्र प्रत्येक मेलच्या माथ्यावर. अभ्यास करून लिहीत जा, असं मी म्हणणार नाही.

राहिला शेवटचा टोमणा, की माझ्याच प्रोफाइलवर एका कंपनीचा 'ॲम्बॅसेडर' बॅज मिरवतोय. हो, आहे. दोन तासांचं ट्रेनिंग केलं होतं त्याचा. पैसा एक मिळाला नाही, टीशर्ट आला, तोही दोन साइझ मोठा. आणि हो, तीच कंपनी. एवढ्यावरून माझं मत विकलं गेलं असं वाटत असेल तर वाटू दे. बॅज काढायचा कसा हे त्यांना विचारून आठवडा झाला. उत्तर अजून नाही, 'आमची मदत कशी वाटली' म्हणून तारे द्यायचा फॉर्म तेवढा आलाय.