आधी बॅनर, मग बियाणं

सोयाबीन उत्पादकांचं प्रशिक्षण शिबिर तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. पहिलं काम म्हणजे बॅनर टाका छापायला. प्रमुख पाहुण्यांचा फोटो मोठा, अध्यक्षांचा अंमळ लहान, आणि उरल्या कोपऱ्यात सोयाबीनचं एखादं पान बसतंय का ते बघा. नाही बसलं तरी अडत नाही. फोटोत आपण आहोत ना, एवढंच पाहुणे बघतात.

पेरणी जूनमध्ये म्हणून शिबिर मेमध्ये, असला बाळबोध हिशेब करू नका. निधी मार्चअखेर संपवायचाय, तेव्हा शिबिर मार्चमध्येच. त्या दिवसांत गाव हरभऱ्या-गव्हाच्या काढणीत असतं. मग येणार कोण? ज्यांना काढणी नाही ते. हजेरीपटावर सह्या त्यांच्याही चालतात.

जागा समाजमंदिराचीच घ्या. शिवारात चुकूनही जाऊ नका, पाहुण्यांचे बूट मातीत जातात. इंडोनेशियात १९८९ साली भाताची शेतीशाळा सुरू झाली, तेव्हा शेतकऱ्यांना हंगामभर दर आठवड्याला शेतात उतरवून तुडतुडे किती आणि ते खाणारे कोळी किती, हे मोजायला लावत. हंगामभर! आपल्याला दीडला पंगत उठवायची आहे.

निमंत्रण सातबारावर नाव असेल त्यालाच द्या. पाभरीमागं सरत्यावर मूठ कोण धरतं, खुरपायला कोण वाकतं, घरचं बियाणं निवडून कोण ठेवतं, या चौकशा तुमच्या कामाच्या नाहीत. बायकांना बोलवायचंच तर चहाला बोलवा.

आता व्याख्यान. बीजप्रक्रियेचा क्रम ‘एफआयआर’ या तीन अक्षरांत सांगा: आधी बुरशीनाशक (फंगीसाइड), मग कीटकनाशक (इन्सेक्टिसाइड), शेवटी रायझोबियम. पोलीस ठाण्याचा विनोद इथं हमखास चालतो, मीही हसलोय. मात्र रायझोबियम शेवटीच का, हे कोणी विचारू नये म्हणून स्लाइड झटकन पुढं सरकवा. ते जिवंत जिवाणू आहेत, औषधाच्या माऱ्यात टिकत नाहीत, बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरावं लागतं, एवढं सांगत बसलात तर सत्काराला वेळ कुठून आणणार? सोयाबीनचं साल पातळ असतं, जोरानं चोळलं की निघतं आणि दाणा वाया जातो, तेव्हा ताडपत्रीवर हलक्या हातानं कसं चोळायचं ते करून दाखवावं, असंही एखाद्याला वाटेल. त्याला पेनड्राइव्ह द्या.

पेरणी कधी? ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर.’ हे वाक्य ठासून म्हणा. गावातला पाऊस कोण मोजतं आणि महसूल मंडळाचं पर्जन्यमापक किती कोसांवर आहे, असं विचारणारा एक म्हातारा सगळ्या गावांत असतो. त्याला ‘प्रश्न शेवटी’ म्हणा आणि शेवट येऊ देऊ नका. कोणी भावाचं काढलंच, तर तो विषय आजच्या पत्रिकेत नाही.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. चहाचं पातेलं घेऊन आलेली एखादी काकू दाराशी रेंगाळते. पडद्यावर तुमची उगवण चाचणी चाललेली असते: शंभर दाणे, ओलं गोणपाट, सहा-सात दिवस, सत्तर उगवले की बियाणं पास. काकू ते बघते आणि कप वाटता वाटता शेजारणीला म्हणते, ‘‘आमचं आजच मोजायचंय.’’ मग घरी जाऊन गुंडाळी घेऊनच येते. दोरी सोडते, गोणपाट फरशीवर पसरते. दहा-दहाच्या ओळी. काही दाण्यांना बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब, काही नुसतेच फुगून बुळबुळीत झालेले. ती एकेका ओळीवरून बोट फिरवत पुटपुटत मोजते. मागच्या रांगेतले चार जण खुर्च्या सोडून तिच्याभोवती उकिडवे बसतात. तुमच्या स्लाइडकडं आता फक्त पाहुणे बघतायत, तेही डुलक्या घेत.

‘‘साठ,’’ ती म्हणते. ‘‘एकरी तीस किलोनं भागायचं न्हाई, पस्तीस टाकावं लागंल.’’

म्हातारा मान हलवतो. कोणीतरी खिशातून वहीचा कागद काढतो.

अशा वेळी डगमगायचं नाही. माइक घ्या, फोटोग्राफरला खूण करा आणि गोड आवाजात सांगा, ‘‘काकू, ते गोणपाट जरा बाजूला घ्या, बॅनर झाकला जातोय.’’