वॉर्डातला दिवा लुकलुकलाच पाहिजे

तर तुम्हाला मनोरुग्णालयातला सायकॉलॉजिकल थ्रिलर काढायचा आहे. काढा. लोकेशनसाठी गोवा सोडून दुसरीकडे जाऊच नका. दाराला कुलूप आणि मालक लिस्बनला, अशी पोर्तुगीज वळणाची घरं इथे वाड्यावाड्यावर पडून आहेत. जून-जुलैत या. भिंतींना शेवाळ फुकटात लागतं. दारावर 'मानसोपचार केंद्र' अशी पाटी लावा, त्यातलं एक अक्षर लोंबकळतं ठेवा, आत एक दिवा लुकलुकता सोडा. झालं तुमचं हॉस्पिटल.

बांबोळीच्या खऱ्या मानसोपचार संस्थेकडे मात्र फिरकू नका, हिरमोड होईल. असल्या ओपीडीत माणसं नुसती बाकावर बसलेली असतात. हातात केसपेपर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. त्यातलं पेशंट कोण आणि सोबतीला आलेलं कोण, हे पाच मिनिटं टक लावून बघितलं तरी कळत नाही. असला शॉट एडिटर कापूनच टाकणार.

आता शॉकचा सीन. त्याशिवाय ट्रेलर बनत नाही. चार दांडगे वॉर्डबॉय, चामड्याचे पट्टे, तोंडात बोळा, हिरॉइन धनुष्यासारखी वाकते आणि अख्ख्या गावातले दिवे मंद होतात. (पावसात आमच्याकडे दिवे तसेही जातात, शॉकची गरज पडत नाही.) या सीनपुरता मानसोपचारतज्ज्ञाचा फोन उचलू नका. तो सांगत बसेल की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. पेशंट गाढ झोपलेला, उशाशी भूलतज्ज्ञ, वीज काही सेकंदच, तिने येणारा आकडीसारखा झटकाही बहुधा मिनिटाच्या आत संपलेला. अंग इतकं सैल पडतं की झटका आला हे कळावं म्हणून काही ठिकाणी एका घोट्यावर आधीच पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे औषध तेवढ्या पावलात उतरत नाही. मग सगळे डॉक्टर मिळून काय बघतात? पायाचा अंगठा हलतो का ते. अंगठ्याच्या क्लोजअपवर तुम्ही पार्श्वसंगीत कसलं देणार? आमचं घुमट वाद्य?

तोच कायदा म्हणतो की पेशंटला स्वतःचे कपडे घालता येतात, गणवेशाची सक्ती नाही, डोकं भादरायची सक्ती नाही, साखळीने बांधायचं नाही, एकट्याला कोंडून ठेवायचं नाही. म्हणजे तुमचा कॉस्च्युमवाला बेकार, मेकअपवाला बेकार आणि तळघराचा सेट पाण्यात. तेव्हा कायदा वाचू नका.

आजार कुठला द्यायचा याची चिंता नको. 'स्किझोफ्रेनिया' म्हणा आणि एका माणसात दोन माणसं दाखवा. हे दोन वेगळेच आजार आहेत, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला बहुतेकदा आवाज ऐकू येतात, त्याचा दुसरा माणूस होत नाही, वगैरे कोणी म्हणालंच तर 'सिनेमॅटिक लिबर्टी' म्हणून मोकळे व्हा. खुनी अर्थातच पेशंट. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याचीच शक्यता जास्त असते, पण मार खाणाऱ्याचं पोस्टर कोण लावतो?

ओपनिंग शॉट मी सुचवतो. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. काळा झगा, पसरलेले हात, पुढ्यात कोसळणारी बाई. रात्री, पावसात, खालून लाइट मारा. कांदोळीला 1756 साली जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसला जाऊन सांगितलं की संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याला झोप लागते त्याच्याच मनात असते. आणि आपण पुतळ्यात लक्षात काय ठेवलं? हात. 1819 मध्ये ते वारले, आणि पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर द्यूमाने त्यांना कादंबरीत घेतलं ते इटालियन करून, किल्ल्याच्या तळघरात कैदी म्हणून. तिथले पहारेकरी त्यांना वेडाच समजतात. मन कसं चालतं हे सांगणाऱ्या गोंयकाराला पहिला मोठा रोल मिळाला तो कोठडीतल्या वेड्याचा! आल्तिनोवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचं नाव होतं, ते कितीजणांना आठवतं? तेव्हा घाबरू नका, तुमच्या धंद्याला थोर परंपरा आहे.

फक्त एक पथ्य पाळा, गोव्यातलं समुपदेशन दाखवू नका. 'संगत' नावाची इथलीच संस्था. प्रशिक्षण घेतलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांनी आरोग्य केंद्रात बसून नैराश्याच्या पेशंटांशी बोलायचं, असा प्रयोग इथे झाला आणि 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जगभरचे डॉक्टर त्याचा दाखला देतात. पण पडद्यावर काय दिसणार? एक टेबल, पलीकडे माडावर चढणारा पाडेली, आणि बाई विचारते, झोप लागते का? पुन्हा आला की पुन्हा विचारते, झोप लागते का? इथे किंकाळी कुठे बसवाल?

आणि हो, प्रिव्ह्यूला माझ्या मावसभावाला बोलावू नका. फोंड्याला असतो, बायपोलरचा, म्हणजे मन कधी उधाणतं तर कधी पार खचतं त्या आजाराचा, जुना गिऱ्हाईक ('गिऱ्हाईक' हा शब्द त्याचाच). गेल्या रविवारी आम्ही असाच एक थ्रिलर लावला. हिरॉइन कॉरिडॉरमधून धावत होती, वॉर्डबॉय मागे, आणि हा म्हणतो, "अरे, या हॉस्पिटलात जेवण कधी देतात रे? दीड तास झाला, कोणी ताट घेऊन आलं नाही." स्वतः दोनदा अ‍ॅडमिट होता. तिथला सगळ्यात मोठा सस्पेन्स म्हणे बारा वाजताचा, आज माशाचं हुमण की नुसती डाळ.

नऊ वाजता त्याने पॉझ करायला लावलं. डबीतल्या 'रात्र' लिहिलेल्या खणातली गोळी काढली. लिथियमने हात थरथरतो, म्हणून पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्याला. शेवटची वीस मिनिटं राहिली होती.

"मी पडतो," तो म्हणाला. "तुम्ही बघा. खुनी पेशंटच असणार."

पेशंटच निघाला.