भीमेचा काठ हिरवा करायचाय? रविवार सकाळ पुरे

रविवारी सकाळी मोकळे आहात ना? मग चला दौंडकडे, वाळू उपसून ओरबाडलेला भीमेचा काठ हिरवा करून येऊ. जेवायला आणि दुपारच्या झोपेला परत पुण्यात, काळजी नको.

झाड घ्यायचं ते गुलमोहरच. मूळचा मादागास्करचा असला म्हणून काय झालं, फोटोत लालभडक येतो. तिथलं कोणी म्हातारं माणूस सांगेल की अहो इथे वाळुंज होती, शेरणी होती, करंज-उंबर होते, त्यांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवलेला, तर त्यांना बाबा बाबा म्हणत बॅनरचं एक टोक धरायला द्या. वाळा, लव्हाळा लावा म्हणणाऱ्याकडे तर लक्षच नको, गवताबरोबर सेल्फी काढून कुणी नगरसेवक झालंय का आजवर!

खड्डे खणायचे कष्ट नाहीत, ही मोठी सोय. सक्शन बोटीवाल्यांनी आधीच खणून ठेवलेत, एकेक असा की आपल्या सोसायटीचं अख्खं पार्किंग मावेल. आता सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये पाच हेक्टरच्या आतल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी लागेल म्हणून सांगितलं, केंद्रानं २०१६ मध्ये तीन मीटरच्या खाली जाऊ नका म्हणून सांगितलं, पण हे सगळं बहुतेक वाळूवरच लिहिलं असणार, आणि वाळू तर हायवा ट्रकात भरून गेली. तज्ज्ञ म्हणतात आधी कड उतरती करा, वर माती पसरा, मग गवत, मग झुडपं, झाडं शेवटी. म्हणजे चार-पाच पावसाळे गेले की, आणि आपल्याकडे वेळ साडेअकरापर्यंत.

रोप पिशवीसकट लावा. मी गेल्या जूनमध्ये तसंच लावलं होतं, पंधरा दिवसांनी कोणीतरी फोटो पाठवला, कड ढासळलेली, रोप आडवं, मुळाला काळी पिशवी तशीच आणि त्यावर नर्सरीचं स्टिकर. एव्हाना उजनीत पोचलं असेल. पण बघा ना, यंदा तीच जागा रिकामी आहे, बॅनरही तोच चालेल, सालावर फक्त चिकटपट्टी.

पाणी शेजारच्या विहिरीवरून घ्या. विहीर आटलीय म्हणाले तर पात्रातली वाळूच पाणी धरून ठेवते, तेच झिरपून विहिरीला येतं, हे त्यांना समजावत बसू नका. त्यांना ते आपल्या आधीपासून माहितीये, ऐकायची वेळ आपल्यावर येईल.

आणि हो, परतल्यावर बूट गेटबाहेरच झटका, लिफ्टमध्ये वाळू सांडली की सेक्रेटरी ग्रुपवर फोटो टाकतात. आमच्या दुसऱ्या विंगचं काम चालू आहे, गेटपाशी दहा ब्रासचा ढीग पडलाय, पोरं त्यात शिंपले शोधत बसतात. परवा लेकीनं एक आणून दाखवला, बारीकसा, आतून चकचकीत. बाबा, हा कुठून आला रे इथे? म्हटलं, हार्डवेअरच्या दुकानातून.