आमच्याकडे समुद्र नाही, तरी सतरा बोटी बुडाल्या

नागपुरात समुद्र नाही हे काय वेगळं सांगायला पायजे, झिरो माइलच्या खांबापासून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लागेपर्यंत जेवणाचे दोन डबे आणि एक झोप संपते. लहानपणी अंबाझरीला पायडल बोट चालवली, ती पण गोल गोल फिरत राहिली, इतकीच माझी नौदलातली कारकीर्द. तरी आजपर्यंत सतरा पाणबुड्या बुडवल्यात मी. शत्रूच्या नाही हो, स्वतःच्याच.

गेमचं नाव सायलेंट हंटर थ्री, २००५ सालचा, माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तोच झेपतो. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी मिळते, टाइप सेव्हन सी, लांबी ६७ मीटर, पोटात १४ टॉर्पेडो, आत चाळीसच्या वर माणसं, आणि त्या सगळ्यांचा कॅप्टन मी, ज्याच्या भरवशावर घरात कोणी गॅसवरचं दूध सोडून जात नाही.

लोकांना वाटतं पाणबुडीचा गेम म्हणजे धडाधड टॉर्पेडो. अरे कुठलं काय. समुद्र एवढा मोठा आणि बोट चालते दहा नॉटनं, म्हणजे तासाला साडेअठरा किलोमीटर, वेस्ट हायकोर्ट रोडवर सायकलवाला ओव्हरटेक करेल असा स्पीड. गस्तीच्या जागेवर पोचायलाच आठवडा जातो. म्हणून गेमवाल्यांनी वेळ पळवायची सोय दिलीये, १०२४ पट. हिशोब लावला तर समुद्रावरचा अख्खा दिवस आपल्या ८४ सेकंदात जातो. आता यात लोचा असा की तुम्ही १०२४ वर टाकून बसलात आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, कूलरमधे पाणी भरा ना", तर ते भरायला लागतात दहा मिनिटं, आणि दहा मिनिटं म्हणजे तिकडे सात दिवस. सात दिवस बोटीवर कॅप्टन नाही! मार्गातला शेवटचा टप्पा आला की बोट थांबत नाही, नाकासमोर चालत राहते, आणि नाकासमोर नॉर्वे असतो. पहिल्या पाच बोटी अशाच गेल्या, चार नॉर्वेत आणि एक कील कालव्यात, तो कालवा ९८ किलोमीटरचा आहे आणि दोन्हीकडून काठ, मला एवढंच म्हणायचंय की तिथे वेळ पळवू नका.

सहावी माझ्या हुशारीनं गेली. विमान दिसलं, मी क्रॅश डाइव्हचं बटण दाबलं, बोट सुसाट खाली, मनात म्हटलं बघा याला म्हणतात चपळाई, आणि धाडकन. खाली पाणी होतं वीसेक मीटर. नकाशात खोली लिहिलेली असते, ती वाचायची असते, हे मला त्या धाडकननंतर कळलं. तशी ही बोट अडीचशे मीटरच्या आसपास फुटायला लागते असं म्हणतात, माझी मात्र खोल जाऊन फुटायच्या लायकीचीच झाली नाही कधी. (आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेक मीटर उंचीवर आहे, म्हणजे मी बसलोय त्या खुर्चीखाली तेवढं पाणी असतं तर क्रॅश डाइव्ह जमला असता.)

मग प्रत्येक नवशिक्याला चढतो तो माज मलाही चढला, स्कापा फ्लो. १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री प्रीन नावाच्या जर्मन कॅप्टननं यू-४७ ही पाणबुडी घेऊन ब्रिटिश नौदलाच्या त्या बंदरात शिरून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली होती, आठशेच्या वर माणसं गेली तिच्यावरची. वाचलं आणि मला वाटलं प्रीनला जमलं तर आपल्याला का नाही जमणार. तीन बोटी गेल्या. एक जाळीत अडकली, एक सुरुंगावर गेली, आणि तिसरी आत पोचली पण रुतली, आणि सकाळ झाल्यावर सगळं ब्रिटिश आरमार तिच्याकडे असं बघत होतं जसं आपण नो पार्किंगमधल्या गाडीकडे बघतो.

पार्किंगवरून आठवलं, जिब्राल्टरची सामुद्रधुनी. वरचा प्रवाह आत भूमध्य समुद्रात वाहतो, त्यामुळे आत शिरणं त्यातल्या त्यात सोपं, बाहेर निघायचं नाव नाही. खऱ्या युद्धात १९४१ पासून ज्या जर्मन पाणबुड्या आत गेल्या त्यातली एकही परत अटलांटिकमधे आली नाही. संध्याकाळी बर्डीच्या बाजारात कार घेऊन गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन बोटी तिथे गेल्या.

माझा एक मित्र आहे, इतवारीत दुकान आहे त्याचं, तो याच गेमचा चौथा भाग खेळतो, अमेरिकन बाजूनं. एकदा फोन करून म्हणे, "भाऊ, माह्यावाल्या टॉर्पेडोनं मलेच ठोकलं ना बे!" मी हसलो, पण हे खरं घडलंय. अमेरिकेच्या टँग नावाच्या पाणबुडीनं ऑक्टोबर १९४४ मधे आपला शेवटचा टॉर्पेडो सोडला, तो गोल फिरून परत आला आणि तिलाच लागला, नऊ जण वाचले फक्त. आणि यू-१२०६ या जर्मन पाणबुडीचं ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही, एप्रिल १९४५ मधे स्कॉटलंडजवळ तिच्या संडासात बिघाड झाला, समुद्राचं पाणी आत आलं, बॅटऱ्यांवर गेलं, विषारी वायू तयार झाला, वर यावं लागलं आणि वर विमानं. आमच्या बाथरूमचा फ्लश दोन महिन्यांपासून गळून राहिला, मी तो लगेच प्लंबर बोलावून ठीक करून घेतला. घरचे चकित झाले, कारण कोणाला सांगणार.

पुढच्या चार विमानांनी खाल्ल्या. १९४३ उजाडलं की बिस्केच्या उपसागरात विमानं अशी येतात की १०२४ वरून गेम झटक्यात खाली येतो तोपर्यंत बॉम्ब पडलेला असतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या गेल्या. अख्ख्या युद्धात जर्मन पाणबुड्यांवरच्या खलाशांमधे चारातले तीन घरी परतले नाहीत, हे वाचलं त्या रात्री मी गेम लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला.

मे महिना आमचाही वाईट. नवतपा सुरू, बाहेर ४६, खिशात कांदा, आणि घरात एक कूलर जो विमानाच्या इंजिनासारखा वाजतो. पाणबुडीत खाली गेलं की डोळ्याला काही दिसत नाही, सगळा खेळ कानावर. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र, लावायचा आणि पंख्याचा आवाज ऐकून ठरवायचं की वरून मालवाहू जहाज चाललंय की डिस्ट्रॉयर, म्हणजे पाणबुड्यांच्या मागे लागणारी युद्धनौका. आता कूलरच्या घरघरीत मला सगळीच जहाजं कूलर वाटतात. हेडफोनचा एक कान गेलेला. म्हणून परवा दुपारी, एक डिस्ट्रॉयर नेमका डोक्यावर असताना, मी कूलर बंद केला.

१७० मीटर खोल, सायलेंट रनिंग, स्पीड दोन नॉट, मी बनियनवर, घामानं खुर्चीला चिकटलेला, खऱ्या खलाशांची पण आत हीच अवस्था व्हायची म्हणतात. टिंग... टिंग... त्यांचं ॲसडिक, म्हणजे आवाज सोडून पाणबुडी शोधायचं यंत्र. इतक्यात दार उघडून बाबा.

"काहून बे, कूलर काहून बंद केला? डोकं फिरलं काय?"

"बाबा हळू बोला, वर डिस्ट्रॉयर आहे."

बाबांनी छताकडे पाहिलं. "वर तं घरमालक राहतात."

त्यांना कसंबसं घालवलं. सौ.चा आतून आवाज आला, "अहो, कूलरचा पाइप काढला का?" मी हळूच हो म्हटलं, ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, सुरू झाले होते. यात एक ट्रिक आहे, चार्ज फुटत असतात तेव्हा त्या गोंगाटात त्यांनाही काही ऐकू येत नाही, तेवढ्या वेळात फुल स्पीड मारून सटकायचं आणि आवाज विरला की परत गप्प व्हायचं. मी सटकलो. एकदा, दोनदा, तीनदा. पाऊण तास! आयुष्यात पहिल्यांदा डिस्ट्रॉयर मला सोडून निघून गेला, आणि आधीच्या रात्री दोन मोठी टँकर घेतलेली, घरी पोचलो असतो तर मेडल होतं. मधे मधे पाण्याचा झुळझुळ आवाज येत होता आणि मी मनात म्हणत होतो २००५ चा गेम आहे पण साउंड काय दिलाय राव, खरंच पाणी आत येऊन राहिल्यासारखं वाटतं, पायाला पण गार लागतं.

पायाला गार.

आमच्या गॅलरीचा उतार मिस्त्रीनं बाहेर काढायच्या ऐवजी खोलीकडे काढलाय. कूलर गॅलरीच्या दारात, पाइप टाकीत, नळ सुरू.

बाबा परत दारात, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. "पाणी कुठून येऊन राहिलं बे?"

"मागच्या टॉर्पेडो रूममधून," मी म्हणालो, आणि तोंडातून निघाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. त्याच क्षणी जमिनीवरच्या एक्स्टेंशन बोर्डात चट्ट झालं, एमसीबी पडली आणि सगळीकडे अंधार.

पोछा मारता मारता सौ. शेवटी जरा नरमली, म्हणे, "जाऊ द्या, सेव्ह तरी केलं होतं का?"

गेम जुना आहे आणि खेळणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट पाठ असते, बोट पाण्याखाली असताना सेव्ह करायचं नाही, ती फाइल पुढे उघडेल याचा भरवसा नसतो.

केलं होतं म्हटलं. १७० मीटरवर.