वादळ येतंय? ट्रायपॉड उभा करा

खानदेशात, तेही ऐन एप्रिल-मेमध्ये, गळ्यात कॅमेरा अडकवून निसर्गाचे फोटो काढायला निघायचं तुम्ही ठरवलंत, याबद्दल आधी अभिनंदन. या दिवसांत इथली शहाणी माणसं अकरा ते पाच घराबाहेर पडत नाहीत. म्हणजे रस्ते मोकळे, नदीकाठ मोकळा, किल्ले तर बाराही महिने मोकळेच. चौकटीत मध्येच कुणी माणूस घुसायची भीती नाही. निसर्गचित्रात माणूस दिसणं हा दोष असतो, हे तुम्ही कार्यशाळेला पैसे भरून शिकलेले आहातच.

आता तयारी. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत, शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे यंत्र ० ते ४० अंश तापमानात वापरावं. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४५च्या पुढे गेला तरी चहाच्या टपरीवर कुणी त्याचा विषय काढत नाही. तेव्हा पुस्तिका उघडूच नका. बॅग काळ्या रंगाची घ्या, ती गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवा आणि ढाब्यावर निवांत शेवभाजी चापा. ट्रायपॉडही काळा आणि धातूचाच असू द्या. दुपारी दोनला नुसत्या हातानं उचललात की कसलेला छायाचित्रकार असल्याचा पुरावा तळहातावर आठवडाभर राहतो. पाण्याची बाटली मात्र नको. तिच्या जागेत आणखी एक लेन्स बसते. आजी खिशात कांदा ठेवायला सांगेल, मावशी कैरीचं पन्हं भरून देईल, दोघींनाही नम्रपणे नाही म्हणा. डोक्याला रुमाल गुंडाळणं हे शेतावर जाणाऱ्यांचं काम. तुमच्याकडे कॅमेऱ्याच्या कंपनीनं फुकट दिलेली टोपी आहे. ती कान आणि मान सोडून बाकी सगळं झाकते.

लेन्स बदलायची ती समोरून वावटळ येत असताना. सेन्सरवर धूळ बसली की पुढच्या प्रत्येक फोटोत, आकाशाच्या त्याच कोपऱ्यात, तेच चार ठिपके उमटतात. कुणी विचारलंच तर घारी आहेत म्हणून सांगा.

वेळेचं गणित जरा नीट समजून घ्या. मेअखेरीस जळगावात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्याआधीचा अर्धा तास आणि नंतरचा तासभर, एवढाच काय तो सकाळचा कामाचा उजेड. म्हणून तुमच्या ग्रुपनं साडेसहाला चौकात जमायचं ठरवावं. सातपर्यंत तिघं येतील. चौथ्याला घरी जाऊन उठवावं लागेल. त्याची आई चहा केल्याशिवाय सोडणार नाही, आणि चहा झाल्यावर पोहे नको म्हणणं बरं दिसत नाही. पुढे एरंडोलला कचोरी. ती खाताना कुठली लेन्स चांगली यावर वाद. तो पारोळ्यापर्यंत पुरतो. धुळ्याबाहेर, आग्रा रस्त्यालगतच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी साडेअकराला पोचलात तर अगदी वेळेवर आलात असं समजा.

कारण खरी गंमत बारानंतरच आहे. आपला मुलूख २१ अंश अक्षांशाच्या आसपास पसरलेला. २५ मेच्या मागेपुढे सूर्य भर माध्यान्ही इथं बरोब्बर डोक्यावर येतो, आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गडप होते. शून्य सावलीचा दिवस तो हाच. सावलीच नाही म्हटल्यावर डोंगराला उठाव नाही, बुरुजाला गोलाई नाही, घळीला खोली नाही. सगळा लळिंग इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. याला ‘मिनिमल’ म्हणायचं. आकाश धुळीनं पांढुरकं झालेलं असेल, त्याची काळजी सॉफ्टवेअर करतं. एक बटण दाबलं की लळिंगच्या माथ्यावर लडाखचं आकाश येऊन बसतं. ढगांवर ऊन डावीकडून पडलंय आणि किल्ल्यावर वरून, असं एखादा चिकित्सक म्हणेल. पण किल्ल्याची सावलीच पडलेली नसल्यामुळे त्याला काही सिद्ध करता येणार नाही. पाहिलंत, बाराची वेळ उगाच सुचवलेली नाही.

दुपारी लांबच्या लेन्सनं सातपुडा टिपायचा प्रयत्न अवश्य करा. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथरांनी हलत असते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकत वाकत येतो, आणि डोंगराची कड पाण्यात पडल्यासारखी थरथरते. यावर जगातल्या कुठल्याही लेन्सकडे इलाज नाही. जवळ जाणं किंवा पहाटे येणं हेच दोन उपाय. तुम्ही मात्र दोष लेन्सचा धरून दिवाळीपर्यंत दुप्पट किमतीची लेन्स हप्त्यानं घ्यावी, म्हणजे पुढच्या मेमध्ये तीच थरथर जास्त बारकाव्यांसह टिपता येईल.

जागा निवडताना दुसऱ्या कुणीतरी ऑगस्टमध्ये काढलेला फोटो बघायचा आणि मेमध्ये तिथं जायचं. पाटणादेवीला केदारकुंडाचा धबधबा पाहायला जा. तोरणमाळला सीताखाईत पाणी शोधा. कोरडा कडा बघून चहावाल्याला दरडावून विचारा, ‘‘पाणी कुठंय?’’ तो जे उत्तर देईल ते इथं छापण्यासारखं नाही. तोरणमाळ हजार मीटरांहून उंच, त्यामुळे शहाद्यापेक्षा वर पाच-सहा अंशांनी थंड. यशवंत तलावाकाठी वारा लागला की फोटोंपेक्षा झोपच जास्त काढली जाते, आणि सगळ्या सहलीत तेवढाच निर्णय शहाणपणाचा ठरतो.

थाळनेरचं तसंच. फारुकी सुलतानांची ही जुनी राजधानी, तापीच्या उत्तर काठावर. तापी पश्चिमेला वाहते, म्हणजे सूर्य नदीतच बुडणार, असा हिशेब करून ग्रुपमधले जाणते तिथं घेऊन जातात. हिशेब हिवाळ्यात साधारण जमतो. मेअखेर मात्र सूर्य मावळायची जागा डिसेंबरच्या मानानं ४५ अंशांहून जास्त उत्तरेला सरकलेली असते. तुम्ही नदीकडे तोंड करून तासभर बसाल आणि सूर्य उजव्या खांद्यामागे, कुणाच्या तरी गोठ्याआड, गुपचूप मावळेल. गोठ्याच्या दारातली म्हैस, तिच्या शिंगांवरची तांबूस कड, उडालेल्या धुळीतून येणारा तिरका उजेड, हे सगळं तेव्हा बघण्यासारखं असतं. तिकडे वळून बघू नका. तुमची चौकट ठरलेली आहे.

ठरलेल्या चौकटीत नको ते आलंच, तर पुसून टाकायचं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर ओळीनं पवनचक्क्या उभ्या आहेत. आता त्या तिथल्या क्षितिजाचा भागच झाल्यात. एकेक पातं पुसत बसा. रात्री दोनपर्यंत जागलात की पठार एकदाचं ‘नैसर्गिक’ होतं. पुसताना पंख्याचा वेग वाढवून घ्या, उकडत असेल.

आता सगळ्यात नाजूक विषय, हवामानाचा. उन्हाळ्यात इथलं आभाळ एका दिवसात तीन सोंगं घेतं. सकाळी पान हलत नाही, अंग चिकचिकतं; दुपारी दक्षिणेला किंवा पश्चिमेला पांढरा ढग वर चढू लागतो; चारच्या सुमारास त्याचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो आणि बूड काळंनिळं पडतं. तापलेली जमीन, वर सरकणारी दमट हवा आणि वरच्या थरातली थंडी यांचं हे साटंलोटं. तुम्ही वर बघायचं नाही. मोबाइलमध्ये बघायचं. मोबाइल पावसाची शक्यता दहा टक्के दाखवतो, आणि तीही बहुधा तुम्ही कधीकाळी पुण्यात असताना निवडलेल्या शहराची. बांधावरून जाणारे एखादे आबा सायकल थांबवून म्हणतील, ‘‘भाऊ, वावधन यी राह्यनं. सामान आवरी ले, घर जाय.’’ त्यांच्याकडे कुठलंही ॲप नाही. त्यांच्याकडे बैलजोडी आहे आणि उघड्यावर पडलेला चारा आहे. हसून हात हलवा. जमलं तर त्यांना दोन पावलं मागे सरकायला सांगा, चौकटीत येताहेत.

मग ते वावधन, म्हणजे वादळ, येतं. आधी धुळीची भिंत, मग गार वाऱ्याचा तडाखा, मग टपोरे थेंब, आणि नशीब असेल तर गारा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागले की ती किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आडोसा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबावं, असं जाणकार सांगतात. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं विजेची सूचना देणारं ॲप केलंय. त्याची घंटा वाजत राहते, एकाग्रता मोडते, काढून टाका. विजेचा फोटो हवा असेल तर शटर उघडं ठेवून वाट बघावी लागते. त्यासाठी किल्ल्याचा तट उत्तम: उंच, उघडा, आजूबाजूला एकही झाड नाही. तिथं धातूचा ट्रायपॉड पाय फाकवून उभा करा आणि त्याला बिलगून राहा. वीज काही लांब जाणार नाही.

तटावर जायचा कंटाळा असेल तर गावातली एखादी गच्ची गाठा. तिथून ढग सगळा मावतो. पण हे दिवस वाळवणाचे. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा पहाटे चारला उठून शिजवलेला असतो, ओल्या धोतरावर एकेक बिबडी हातानं थापलेली असते, कडेला कुरडया, पलीकडे खाटेवर पापड. पहिला थेंब पडला की खालून आरडाओरडा सुरू होईल आणि घरातली मावशी, तिची सून, शेजारची दोन पोरं, सगळी जिना चढून येतील. अर्धवट सुकलेली बिबडी धोतराला घट्ट चिकटलेली असते. ओढून निघत नाही, धोतरासकट गुंडाळून न्यावी लागते, आणि त्याला चार टोकांना चार हात लागतात. तीन टोकं धरली जातील. मावशी तुमच्याकडे बघून ओरडेल, ‘‘अरे भाऊ, धर ना तेवढं!’’ इथं खंबीर राहा. ‘‘एकच मिनिट मावशी, आयएसओ वाढवतो,’’ एवढंच म्हणा. चौथं टोक वाऱ्यानं फडफडताना फार सुंदर दिसतं, आणि शटर मंद ठेवलंत तर त्याला छान हालचाल येते. संध्याकाळी तिथं चहा मिळेलच असं सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे घराबाहेर पडू नका. हवेतली धूळ बसलेली असते, आणि यावल-फैजपूरच्या रस्त्यावरून सातपुड्याची घडीन् घडी, कडेवरचं झाडन् झाड दिसतं. असा उजेड उन्हाळाभरात मोजकेच दिवस मिळतो. पण सहल रविवारी संपलेली असते आणि ही पहाट बहुधा सोमवारची असते. झोपा. रात्री लडाखचं आकाश बसवताना उशीर झालेला आहे.

राहता राहिला परतीचा रस्ता. चोपड्याकडून येताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतील. मृगबाग, म्हणजे गेल्या मृगात लावलेली केळी, कापणीला आलेली असते, घडाच्या ओझ्यानं खोड आधीच एका अंगाला कललेलं, आणि अर्ध्या तासाच्या वाऱ्यात ते कमरेतून मोडतं. बागेभोवती शेवरी लावलेली असते वारा अडवायला. ती दोन ओळी वाचवते, चार ओळी नाही. गाडी थांबवा. ओळीनं एकाच दिशेला झोपलेली खोडं, वर फाटलेले ढग, मधून सोनेरी उजेड. इतकी देखणी रचना तुम्हाला पुन्हा मिळायची नाही. वाइड लेन्स लावा, खाली वाका, एक मोडका घड जवळ घ्या. शीर्षक ‘विसावा’ ठेवा.

बागेचा मालक तिथंच बांधावर उभा असेल. तुमच्या हातातलं यंत्र बघून तो जवळ येईल आणि म्हणेल, ‘‘भाऊ, चार फोटू काढी दे ना. तलाठीले दखाडाले.’’ विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, पंचनाम्याच्या वेळी फोटो असलेला बरा, असं तो सांगेल. त्याला समजावून सांगा की तुम्ही निसर्गछायाचित्रकार आहात, नुकसानीची छायाचित्रं हा वेगळा प्रकार आहे. शिवाय तुम्ही ‘रॉ’मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढता, रंगांवर काम करायला आठवडा तरी लागेल. तो बरं म्हणेल. खिशातून काच तडकलेला मोबाइल काढून स्वतःच चार फोटो घेईल. एका फोटोच्या कोपऱ्यात त्याचा अंगठा येईल, दुसऱ्यात क्षितिज तिरकं असेल, आणि तिसऱ्यात तुम्ही असाल, ट्रायपॉडसकट, मोडक्या घडापुढे गुडघे टेकलेले. चारही फोटोंवर खाली तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप छापून येतील. तलाठ्याला तेवढं पुरतं. तुमच्या फोटोवर तुमचं नाव आहे, ते वळणदार अक्षरात उजवीकडे खाली टाकायला विसरू नका.