इंडेक्स आहे, पण वापरतो कोण!

कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या काट्यावर ट्रॅक्टरची लाइन लागते आन् तिथलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आपल्या फोनवर ऑपरेटरची. "भाऊ, नंबर टाकला तं नुसतं गोल गोल फिरून राहिलं, इथं लोकं शिव्या देऊन राहिले!" काम काय, तं मोबाईल नंबरवरून शेतकऱ्याचं खातं काढणं, आन् तेवढ्यात माणूस खर्रा घोटून वापस येते.

बरं, त्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीवानी, कोणता नंबर कुठं ते सांगणारा) होता ना राजेहो! मायएसक्यूएलमधी, म्हणजे आपल्या डेटाबेसमधी, एक्सप्लेन मारलं (क्वेरी, म्हणजे आपली विचारणा, तो कशी चालवणार ते हे सांगते) तं पॉसिबल कीजमधी, म्हणजे वापरता येतील अशात, इंडेक्सचं नाव हजर, आन् बाजूला कीच्या खान्यात नल, म्हणजे वापरला एकही नाही, टाइप ऑल. म्हणजे पोरगी पाहिली, चहा-पोहे हाणले, आन् निरोप काय, तं योग नाही. गडी अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचून राहिला. अ‍ॅनालाइज टेबल करून त्याचा टेबलाचा अंदाज ताजा केला, काही फरक नाही. फोर्स इंडेक्स लिहून दम देला, तरी ढिम्म. मंग लाइन गेली (हे तं धरूनच चाला). शेवटी एक्सप्लेनमागून शो वॉर्निंग्ज मारलं तवा कुठं तोंड उघडलं: टाइप जुळत नाही, इंडेक्स वापरता येत नाही.

झालं असं, का कॉलम व्हारकॅर, म्हणजे अक्षरांचा, आन् क्वेरी लिहिणाऱ्या जुन्या गड्यानं नंबर बिनाअवतरणाचा ठेवला. मंग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या अक्षरांचा आधी आकडा करते, मंग ताडून पाहते. सुरुवातीले शून्य असलेला, सुरुवातीले स्पेस असलेला, मागं काही लटकलेला, आकडा केल्यावर सारे एकच, पण इंडेक्समधी अक्षरांच्या क्रमानं त्यांच्या जागा येगयेगळ्या, मंग त्यानं शोधावं कुठं?

आता नंबरमागं काही कोण लटकवते म्हणून टेबल उघडलं. नंबर, आन् त्याच खान्यात "पोराचा". खाली "जावयाचा, रात्री लावा". एका ठिकाणी तं नंबर लिहून पुढं "लागत नाही". मंग लिहिला कायले बे?

अवतरणचिन्हं लावली, टाइप रेफ (इंडेक्समधून सरळ शोध) झाला, कीच्या खान्यात इंडेक्स आला, एंटर दाबलं का खातं समोर. मी खुश. तेवढ्यात फोन, "भाऊ, फास्ट तं झालं, पण बरेच शेतकरी गायब झाले!"

होणारच ना. अक्षराले अक्षर ताडल्यावर "पोराचा"वाला नंबर जुळते कसा? शेटजीले समजावलं, शेऱ्याचा कॉलम येगळा काढा लागते, सारे नंबर साफ करा लागते, हंगामात दोन दिवस तरी द्या. शेटजीनं शांतपणे आयकून घेतलं.

"ते काही नको. पहिले जसं होतं तसंच करून दे," म्हणे, "फक्त फास्ट."